जय म्हणजे कोणाचा, कोणावर?

(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला वक्ता म्हणून बोलावलं आहे, पण मी काही वक्ता नाही. आयुष्यभर खडू हातात धरला, त्यामुळे शब्दांची फोड करायची सवय तेवढी लागली. तीच आज तुमच्यासमोर करणार आहे. विषय मला समितीने दिलेला नाही, एका मुलीने दिला. रविवारच्या बालवर्गात आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, जयभीममधला जय म्हणजे जिंकणं ना? मग बाबासाहेब कोणाला हरवून जिंकले?" मी म्हटलं, "बस खाली, पुढच्या रविवारी सांगतो." तो रविवार आला आणि गेला. मी सांगितलं नाही, कारण मला सांगता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

आधी आपल्या रोजच्या बोलण्यात काय आहे ते बघा. आपण पैज जिंकतो, खटला जिंकतो, निवडणूक जिंकतो, आणि कोणाचं मनही जिंकतो. कुस्ती मात्र आपण मारतो. जत्रेतला पैलवान मैदान मारतो. गड सर करतो, घेतो. काम फत्ते करतो. एका गोष्टीला आपल्याकडे इतके शब्द आहेत! व्याकरणाची एक गंमत सांगतो. "मी सामना जिंकला" असंही आपण म्हणतो आणि "मी सामना जिंकलो" असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात क्रियापद सामन्याकडे बघतं, दुसऱ्यात ते माझ्याकडे बघतं. वर्गात मी दोन्ही बरोबर देत असे. पण माणूस कोणत्या वेळी कोणतं म्हणतो हे ऐकायला लागल्यापासून मला त्याच्या मनाचा थोडा अंदाज यायला लागला. "काम जिंकलं" म्हणणारा वेगळा आणि "आपण जिंकलो!" म्हणून मांडीवर थाप मारणारा वेगळा.

जय, विजय, जीत, जिंकणं ही सगळी एकाच कुळातली मंडळी. पालीत जिन म्हणजे ज्याने जिंकलं तो. आपण भगवान बुद्धांना जिन म्हणतो, महावीरांचे अनुयायी आपल्या तीर्थंकरांना जिन म्हणतात, म्हणून ते जैन. श्रावस्तीच्या ज्या जेतवनात भगवंतांनी इतके वर्षावास केले, ते वन होतं जेत नावाच्या राजकुमाराचं. जेत म्हणजे जिंकणारा. आता बघा, जिंकणाऱ्याचं वन, आणि ते ओळखलं जातं कशामुळे? तर अनाथपिंडिकाने ते विकत घेऊन संघाला दिलं म्हणून. जेताने कोणाला जिंकलं हे विचारलं तर आपल्यापैकी कोणालाच सांगता यायचं नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी फार लांब गेले. बरं, जवळ येऊ. आपण भोर-वेल्ह्याची माणसं. २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. तर त्या वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा उभा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला प्रचंडगड नाव दिलं. पुढे १७०४ साली औरंगजेब बादशहाने तो घेतला. तेव्हा बादशहा पंच्याऐंशीच्या पुढे गेलेला. त्या वर्षांत बरेच किल्ले बोलणी करून, रकमा मोजून त्याच्या हाती आले होते. तोरणा मात्र त्याच्या सैन्याने लढून घेतला, म्हणून त्याला आनंद फार झाला. त्याने गडाचं नाव ठेवलं फुतूह-उल-गैब, म्हणजे दैवी विजय. यातला फुतूह हा शब्द आणि आपलं फत्ते, हे दोन्ही एकाच अरबी मुळातले. विजय हेच गडाचं नाव! मला सांगा, तुमच्यापैकी कोणी आजीच्या तोंडून हे नाव ऐकलंय? गुरं घेऊन वर जाणाऱ्याने कधी म्हटलंय की मी फुतूह-उल-गैबवर चाललो? तीन वर्षांनी, १७०७ साली, बादशहा नगरजवळ वारला. गड पुन्हा मराठ्यांकडे आला. नाव बखरींत आणि इतिहासाच्या पुस्तकांत राहिलं, लोकांनी तोरणा तोरणाच म्हटलं.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या वाडवडिलांच्या तोंडी जय हा शब्द नव्हता. त्यांच्या तोंडी होता जोहार. तो कसा घालायचा, किती अंतरावरून घालायचा, किती वाकायचं, हे ठरलेलं होतं. मी लहान असताना वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने आम्हा पोरांना तो करून दाखवला होता. आम्ही हसलो. तो हसला नाही. जोहाराला जोहार हे उत्तर मिळत नसे, ही त्यातली गोम. एकाने घालायचा आणि दुसऱ्याने घेतला तर घ्यायचा.

जयभीम या अभिवादनाचं श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. जन्म १९०४ चा. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली, ऐन पस्तिशीत, वारले. इतकं थोडं आयुष्य, आणि त्यांनी रुजवलेले दोन शब्द आज कोट्यवधी लोक रोज उच्चारतात. या जयभीमला उत्तर काय? जयभीमच. मोठ्याने म्हटलं तरी तेच, लहानाने म्हटलं तरी तेच. कलेक्टरने म्हटलं तरी झाडूवाल्याने तेच उत्तर द्यायचं. जोहारात एक वर होता आणि एक खाली. इथे दोघंही उभे. मग त्या मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे सुटतो, की या जयात समोरचा हरलेला नाही, कारण जय त्याच्याही तोंडी तोच आहे.

पण उरलेला अर्धा अवघड आहे. बाबासाहेब लढले तर होतेच! नुसतं गोड बोलून काही मिळालं नाही. तेव्हा लढणं आणि जिंकणं टाळून चालणार नाही.

दर १ जानेवारीला आपल्यातले किती जण कोरेगाव भीमाला जातात. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथे गेले होते. आपण त्याला विजयस्तंभ म्हणतो, जयस्तंभही म्हणतो. स्तंभावर महार शिपायांची नावं आहेत, शेवटी नाक असलेली, बावीस. तिथे एकदा सावकाश उभे राहून इंग्रजी मजकूर वाचा. हा स्तंभ कोरेगावच्या बचावाची आठवण म्हणून उभारला, अशा अर्थाने तो सुरू होतो. बचाव! म्हणजे १८१८ साली त्या दिवशी आपल्या माणसांनी केलं काय, तर तहानेने जीव जात असताना जागा सोडली नाही. टिकून राहिले. त्या विजयाचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. ज्या सरकारने तो स्तंभ बांधला, त्याच सरकारने १८९० च्या दशकात महारांची पलटणीतली भरती बंद केली. सुभेदार रामजींच्या पिढीने ते सोसलं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. नावं दगडावर, आणि नातवंडं दाराबाहेर. जिंकणारा एक आणि जिंकल्याचं फळ घेणारा दुसरा, असंही असतं. म्हणून जय म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावा, मिळालं कोणाला?

याला महाडचा दाखला द्यावासा वाटतो. भोरमधून निघालं, वरंधा घाट उतरलं की महाड. आपल्याला ते परकं नाही. १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर, पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी प्यायलं. नंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, आणि काही मंडळी कोर्टात गेली की तळं खासगी आहे. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. हजारो लोक महाडात जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. त्या वेळी पाणी घेतलं नाही. खटला चालला किती? १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षं!

आता या खटल्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खटला जिंकला, पण हरलेल्याचं पाणी तुटलं का? नाही. त्याच्या घरचा हंडा त्याच तळ्यात बुडत राहिला. आपला हंडा त्याच्या शेजारी आला, एवढंच. असा खटला जिंकणं आणि आपण गावात एकमेकांवर घालतो ते खटले जिंकणं, यात फरक आहे.

तो फरक मी घरात बघितला आहे. सांगू का नको असं चाललं होतं मनात. सांगतो.

महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं. वतनाच्या जमिनी नजराणा भरून पुन्हा नावावर करून घ्यायच्या होत्या. कोणी पैसे भरले, कोणाचं नाव लागलं, कोणाचं राहिलं, यात आमच्या दोन घरांची जुंपली. माझे वडील आणि माझे चुलते. भाताचं एक खाचर, ओढ्याच्या कडेचं, सात गुंठ्यांचं. अकरा वर्षं तारखा चालल्या. पहाटेच्या एसटीने दोघंही जायचे, एकाच गाडीत, एक पुढे आणि एक मागे. शेवटी वडील जिंकले. पेढे आणले. आईने वस्तीत सगळीकडे वाटले, फक्त भिंतीपलीकडच्या घरात दिले नाहीत. भिंत कसली, कुडाची. चुलते रात्री खोकले की आमच्या घरात ऐकू यायचे. निकालाच्या रात्री ते खोकत होते, आणि मी अंथरुणातून बघत होतो, वडील उठून बसले होते. म्हटलं, झोप येत नाही का? म्हणाले, "जिंकल्यावर झोप येत नसती काय रे?"

पुढच्या आषाढात लावणीला सावड मिळेना. आमची सावड पिढ्यान् पिढ्या चुलत्यांच्या घराशी होती. त्यांची पाच माणसं आमच्याकडे, आमची पाच त्यांच्याकडे. ती तुटली. घरच्या माणसांनी ओढून ओढून आवण लावलं ते जुन्या खाचरांचं. जिंकलेलं खाचर त्या साली पडीक राहिलं.

पुढे निवृत्त झाल्यावर मी धम्मपद अर्थासह वाचायला घेतलं. सुखवग्गात २०१ क्रमांकाची गाथा आली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. जिंकणारा वैर पेरतो आणि हरणाऱ्याला दुःखात झोप लागते, असा तिचा पूर्वार्ध. सुखाने झोपतो तो, ज्याने हार-जीत दोन्ही सोडली. मला वडिलांची ती रात्र आठवली. ही गाथा कुठली, तर कोसलचा राजा पसेनदी आणि मगधचा अजातशत्रू यांच्या लढाईची. नात्याने ते मामा-भाचे. अट्ठकथेत सांगितलंय की पसेनदी तीनदा हरला आणि अन्न सोडून अंथरूण धरलं. पुढे डाव फिरला. पसेनदीने भाच्याला जिवंत पकडलं, त्याचे हत्ती, घोडे, रथ, पायदळ सगळं काढून घेतलं आणि त्याला सोडून दिलं. सैन्य काढून घेऊन जीव सोडला, म्हणजे भगवंत खूश झाले असतील असं आपल्याला वाटतं. पण तिथेही भगवंत म्हणतात की लुटणाऱ्याला लुटणारा भेटतोच. चाक फिरत राहतं.

सहस्सवग्गातली १०४ वी गाथा तर आपल्याला पाठ आहे, इतर लोकांना जिंकण्यापेक्षा स्वतःला जिंकणं श्रेष्ठ. पण ती कोणाला सांगितली हे थोड्यांना माहीत असतं. एक ब्राह्मण आला आणि नुकसान कशाने होतं ते विचारायला लागला. भगवंतांनी विचारलं, तुझं पोट कशावर चालतं? म्हणाला, जुगारावर. जिंकतोस की हरतोस? तो म्हणाला, जिंकतोही आणि हरतोही. त्या उत्तरावर ही गाथा आहे. म्हणजे ती कोण्या सेनापतीला सांगितलेली नाही, जुगार खेळणाऱ्याला सांगितली आहे. चावडीच्या मागे बसणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. नावं घेत नाही!

आणि स्वतः भगवंत? बोधी मिळाल्यावर सारनाथच्या वाटेवर त्यांना उपक नावाचा आजीवक भेटला. चेहरा बघून त्याने विचारलं, तुझा गुरू कोण? भगवंत म्हणाले, माझा गुरू कोणी नाही, मी जिन आहे, मी मनाचे मळ जिंकले. उपक काय म्हणाला? "असेलही बुवा." मान हलवली आणि दुसऱ्या वाटेने निघून गेला. बुद्ध झाल्यावर वाटेत भेटलेला हा माणूस, आणि त्याने विश्वाससुद्धा ठेवला नाही. भगवंत त्याच्या मागे धावले नाहीत. त्याला पटवून हरवायची गरज त्यांना वाटली नाही, ते पुढे सारनाथला गेले.

सम्राट अशोकाचं आपण दरवर्षी नाव घेतो, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली तो दिवस आपण अशोक विजयादशमी म्हणून पाळतो. त्याचा तेरावा शिलालेख मुलांनी जरूर वाचावा. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली, हे तो स्वतः लिहितो. जिंकणारा राजा मेलेल्यांचा हिशोब दगडावर कोरतो, हे जगात फार ठिकाणी सापडायचं नाही. आणि मग म्हणतो, सर्वांत मोठा विजय धम्माचा. शब्द तोच ठेवला, आतला माल बदलला. ही त्याची रीतच होती. आपल्या सोपाऱ्याला त्याच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळालेत. त्या नवव्या लेखात त्याने मंगल या शब्दाचं असंच केलंय, लोकांची मंगलकार्यं सांगून म्हणतो, खरं मंगल धम्माचं. आणखी एक बारकावा. हा तेरावा लेख कलिंगात, धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. तिथे त्याने वेगळे लेख ठेवले, सगळी प्रजा माझी लेकरं आहेत असं सांगणारे. हरलेल्याच्या दारात जाऊन, मी तुम्हाला कसं जिंकलं, हे वाचून दाखवलं नाही.

हरलेल्याच्या दारात. या शब्दावर मी मुद्दाम थांबतो. गेल्या पंचायतीच्या निवडणुकीत आपल्याच वस्तीतले दोन उमेदवार समोरासमोर होते. एक आला, एक पडला. गुलाल उधळला, उधळावा. पण मिरवणूक पडलेल्याच्या दारात थांबली आणि हलगी अर्धा तास तिथेच वाजत राहिली. आत त्याची आई आजारी होती. ते वाजवणाऱ्यांत माझा नातूही होता, म्हणून मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाही. आज या वर्धापन दिनाची वर्गणी दोन याद्यांत गोळा झाली आहे, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. विहार एक, बुद्धमूर्ती एक, आणि याद्या दोन.

मिरवणुकीत घोषणा काय होती? जयभीमच होती.

आता शेवटचं. आपल्या प्रत्येक लग्नात जयमंगल अष्टगाथा म्हणतात. वधू-वरांवर फुलं पडतात, आपलं लक्ष जेवणाकडे असतं. आठ गाथा म्हणजे भगवंतांचे आठ जय. प्रत्येकीत जितवा हा शब्द येतो, जिंकलं. कशाने जिंकलं ते ऐका. माराला दानादी पारमितांनी. आळवक यक्षाला क्षमाशीलतेने आणि संयमाने. मस्त झालेल्या नालागिरी हत्तीला मैत्रीने. अंगुलिमालाला ऋद्धीने. भर सभेत खोटा आळ घेणाऱ्या चिंचेला शांत, सौम्य राहून. वादाला आलेल्या सच्चकाला प्रज्ञेचा दिवा दाखवून. नंदोपनंद नागाला शिष्याकरवी. बक ब्रह्म्याला ज्ञानाचं औषध देऊन. औषध दिलं म्हणतात बघा, मारलं म्हणत नाहीत. चिंचेला पुढे धरणीने गिळलं असं अट्ठकथा सांगते, मला ती जोडगोष्ट आवडत नाही, आणि गाथेत ती नाहीही. बाकीच्यांचं काय झालं? आळवक उपासक झाला. हत्ती गुडघे टेकून बसला. अंगुलिमाल चीवर घालून त्याच गावात भिक्षेला फिरला, लोकांचे दगड खाल्ले आणि उलटून हात उचलला नाही. आठ जय झाले आणि त्यातले हरलेले बहुतेक भगवंतांच्याच बाजूला येऊन बसले. म्हणून ते लग्नात म्हणतात. संसारात रोज हार-जीत असते, आणि हरलेलं माणूस त्याच घरात, त्याच चुलीपाशी असतं.

माझ्या वडिलांच्या तोंडी या गाथा होत्या. वस्तीत लग्न असलं की त्यांनाच बोलावणं. खटल्यानंतर दोन वर्षांनी चुलत्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आम्हाला पत्रिका नाही. दुसऱ्या गावचे एक गृहस्थ गाथा म्हणायला आणले होते. आवाज कुडातून आत येत होता, वडील घरात बसून ओठ हलवत होते. तिसऱ्या-चौथ्या गाथेला आई म्हणाली, "पोरगी आपलीच हाय." वडील उठले, टोपी घातली आणि मांडवात सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले. चुलत्यांनी बघितलं. कोणी काही बोललं नाही. गाथा संपल्यावर चुलतीने फुलांचं ताट त्यांच्यासमोर धरलं.

त्या आषाढात पलीकडची पाच माणसं लावणीला आली. पडीक खाचर लागलं. सातबारा आजही आमच्या नावावर आहे, भात मात्र पुढे दोन घरांत गेलं. कोण जिंकलं असं कोणी विचारलं तर दोघंही चिडायचे.

त्या मुलीला मी हे सगळं येत्या रविवारी सांगणार आहे. आता खीर तयार आहे असं भगिनींनी खुणावलंय. पंगत एकच बसेल असं मी समितीला विचारून घेतलं आहे, आणि वाढायला माझा नातू आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.